पुलापलीकडच्या चार जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस. डायरी पुन्हा सुरू करते आहे, कारण आज मी इतक्या लोकांना "हो, समजलं" म्हटलं की त्यातलं खरोखर काय समजलं ते कुठेतरी तपासून बघायला हवं.

समजलं ते एवढं. आमची कंपनी विजेच्या गाड्यांसाठी हमरस्त्यावर जलद चार्जिंगची स्टेशनं उभारते. लांबच्या प्रवासात गाडी वाटेत भरून घ्यावी लागते, आणि ते काम पेट्रोलसारखं दोन मिनिटांत उरकत नाही. यंत्र कितीही चांगलं असलं तरी अर्धा-पाऊण तास मोडतो. आमच्या शहरापासून थेट त्या टोकाच्या शहरापर्यंत अशी स्टेशनं कुठे हवीत, ते मी सुचवायचं आहे. मधोमध, नदीच्या पुलाजवळ, एक स्टेशन चालू झालेलं आहे. पुलाच्या अलीकडे तीन आणि पलीकडे चार जागा यादीत आहेत. सगळ्या मंजूर होणार नाहीत.

"वीज कुठून आणायची ते इंजिनियर बघेल," माझ्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या. "माणसं कुठे बसू शकतात ते तुम्ही बघा."

त्यासाठी इथे एक पद्धत आहे. तिला बसपाहणी म्हणतात. प्रत्येक जागेवर जाऊन पाऊण तास नुसतं बसायचं, आणि बरोबर घरातलं एखादं वयस्क माणूस न्यायचं. मॅडमचं म्हणणं असं की, गाडी कुणाचीही असो, कुठे थांबायचं ते घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस ठरवतं. या माणसाला ऑफिसात 'सोबती' म्हणतात. सोबत्यानं जागेला दहापैकी गुण द्यायचे. मी मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं नाही. हा नियम मला आवडला. इतकी वर्षं मी बसची वेळापत्रकं केली, तिथे प्रवाशाला कुणी कधी काही विचारल्याचं आठवत नाही.

माझ्या घरात माझ्याखेरीज एकच माणूस आहे, सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. माझा नवरा गेला त्याला तीन वर्षं होत आली. तेव्हापासून आम्ही दोघीच.

"नुसतं बसायचा पगार देतात तुला?" आईंनी विचारलं.

"बसून निरीक्षण करायचा."

"मग माझी एवढी वर्षं फुकटच गेली म्हणायची." थोड्या वेळानं आतून आवाज आला, "चहा मिळेल ना तिथे?"

संध्याकाळी भावजींचा फोन. म्हणजे माझे धाकटे दीर, ते त्याच टोकाच्या शहरात राहतात. घराला खालच्या मजल्यावर एक खोली वाढवताहेत, आईंसाठी. एप्रिलमध्ये तयार होईल. "वहिनी, तुम्ही एकट्यानं किती दिवस करणार? आता आमची पाळी." अगदी मनापासून म्हणाले. मी म्हटलं, आईंना विचारून सांगते. आई म्हणाल्या, "तुमचं ठरलं असेल तर माझं काय?" यात होकार आहे असं मी धरलं. धरायला हवं होतं ना?

शनिवार, ८ फेब्रुवारी

जागा पहिली, पेट्रोल पंपाच्या मागची मोकळी पट्टी. ऑफिसची गाडी भिंतीला लावली आणि बसलो. चार्जर नसलेल्या जागी चार्जिंगची वाट बघत बसणं हे इतकं विचित्र असेल असं वाटलं नव्हतं. पंपावरचा माणूस दोन वेळा लांबून बघून गेला. तिसऱ्यांदा जवळ आला.

"काय ताई, बंद पडली का?"

"चार्जिंग चाललंय," आई म्हणाल्या.

"पण इथे चार्जर कुठाय?"

"तेच बघायला आलोय."

तो बिचारा मान हलवत गेला. स्वच्छतागृहाची किल्ली त्याच्याकडेच असते. कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून ती एका मोठ्या पान्याला बांधली आहे. आई पाना उचलून म्हणाल्या, "आत जाऊन नट पिळायचेत का?"

गुण सहा. परतताना टपरीवर चहा घेतला, तेव्हा सात केले. चहाचा गुण वेगळा दाखवावा का? तो जागेचा आहे की टपरीवाल्याचा? उद्या टपरी उठली तर?

रविवार, १६ फेब्रुवारी

जागा दुसरी, फर्निचरचं मोठं दालन. आवार प्रशस्त, वर छत. मालकाची अट एकच, थांबलेल्या लोकांनी आत येऊन बघावं. आम्ही आत गेलो. आईंनी खुर्च्यांची पंगत शिस्तीत तपासली. शेवटी पाय आपोआप वर उचलणाऱ्या एका खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाईक पटलं.

"ही आपल्या खिडकीशी बरोबर मावेल," आई म्हणाल्या. "नऊ गुण दे जागेला."

मी म्हटलं, "भावजींच्या नव्या खोलीला खिडकी किती रुंद आहे विचारायला हवं."

आई म्हणाल्या, "मी आपल्या घराचं म्हणत होते." आणि पाय खाली करायचं बटण शोधू लागल्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी गुण आठ केले. कारण विचारलं तर "उगाच" म्हणाल्या. 'उगाच' हे कारण मला मांडता येत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत त्या जागेत नक्की काय बिघडलं, ते मी अजून आठवून बघते आहे. कदाचित पंखे बंद केले असतील.

खुर्चीचं माप घेतलं. भावजींना कळवलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

भावजींचा फोन. खोलीच्या न्हाणीघरात आईंसाठी भिंतीला धरायच्या दांड्या लावल्यात, फरशी न घसरणारी घेतली आहे. जाऊ मधेच फोन घेऊन म्हणाली, "ताई, आईंना पडदे कुठल्या रंगाचे आवडतात? तुम्हालाच माहीत असणार." मला माहीत होतं. सांगितलं. ती लगेच आणायला निघाली. चांगली माणसं आहेत. माझ्या घरात तीन वर्षांत एकही दांडी लागलेली नाही, हे खरं आहे.

एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट लिहून ठेवते. मी 'राहा' म्हटलं तर आई राहतील. माझ्या शब्दासाठी राहतील. म्हणूनच मी म्हणता कामा नये. मी कोण? मुलगा त्यांचा होता, तो गेला. दुसरा मुलगा हात पुढे करतो आहे. निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा, माझा चेहरा बघून नव्हे. जेवताना मी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. आईंनी विचारलं, "पोट बिघडलंय का तुझं?"

शनिवार, १ मार्च

जागा तिसरी, रोपवाटिका. सावली, बाकं, पाण्याचा आवाज. मालकीणबाई स्वतःच चहा देतात. आईंनी लिंबाचं रोप घेतलं. मालकीणबाई म्हणाल्या, "फळ धरायला तीन वर्षं लागतील हं, आजी."

"लागू देत. मला कुठे घाई आहे?"

घरी येताना रोप आईंच्या मांडीवर. मी विचारलं, "हे तिकडे न्यायचं ना? की इथे ठेवू?" आई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "तुला जसं सोयीचं वाटेल तसं." मला सोयीचं वाटायचा प्रश्न कुठे आला? रोप त्यांचं आहे.

दहापैकी दहा. अलीकडच्या तिन्ही जागा चांगल्या निघाल्या. काम सोपं जाणार असं दिसतंय.

रविवार, ९ मार्च

आज पूल ओलांडला. पुलाजवळच्या आमच्या स्टेशनवर गाडी भरून घेतली आणि पुढे दोन जागा केल्या.

जागा चौथी, इस्पितळाचं वाहनतळ. स्वच्छतागृह आजवरचं सर्वांत चांगलं. उपाहारगृह, लिफ्ट, सावली, सगळं आहे. आईंनी दोन गुण दिले. "औषधांचा वास येतो." मला नाही आला. पण नाक त्यांचं.

जागा पाचवी, शाळेचं मैदान. रविवारी तिथे मुलं चेंडू खेळत होती. "केवढा कालवा," आई म्हणाल्या. "तीन." पेट्रोल पंपावर ट्रकचे भोंगे वाजत होते, तेव्हा मात्र "जरा जाग आहे, बरं वाटतं" म्हणाल्या होत्या. आठवण करून देणं म्हणजे सुचवणं होईल म्हणून मी गप्प बसले.

परत पुलाजवळ आलो तेव्हा आईंनी डबा उघडला, संत्री सोलली, अर्धी मला दिली. म्हणाल्या, "इथे बाई बरं वाटतं." पुलाजवळ काय आहे? एक पत्र्याची शेड आणि वारा.

रविवार, १६ मार्च

जागा सहावी, फरश्यांचं गोदाम. दोन गुण. "डोळ्यांत धूळ जाते."

जागा सातवी, त्या टोकाच्या शहराच्या वेशीवरचा मॉल. काचेची दारं, बसायला कोच, पाच प्रकारचा चहा. आईंनी एक गुण दिला.

"एक? आई, का?"

"इथवर कुणी येणारच नाही."

"अहो, रस्ता इथेच येतो. सगळेच इथवर येणार."

"कशाला?"

लोक शहरात कशाला येतात?

भावजींचं घर तिथून अगदी जवळ आहे. मी म्हटलं, आलोच आहोत तर जाऊन येऊ, खोली तरी बघाल. आई म्हणाल्या, "कळवलेलं नाही. उगाच त्यांची धावपळ. चल, उशीर होईल." या वयातही त्यांना दुसऱ्याच्या सोयीचा केवढा विचार असतो. मला ते कधी जमणार?

येताना एक वाक्य मात्र बोलल्या. "तू फार नीट चालवतेस गं गाडी. थोडा रस्ता चुकत जा कधी." यावर काय करायचं, कळलं नाही. मी रस्ता चुकले नाही.

बुधवार, १९ मार्च

अहवालाचा कच्चा मसुदा मॅडमसमोर ठेवला. त्यांनी गुणांच्या रकान्यावरून बोट वरून खाली नेलं. सात, आठ, दहा. मग दोन, तीन, दोन, एक.

"पुलापलीकडे काय वाळवंट लागतं का हो?"

आमचा इंजिनियर शेजारीच होता. त्याला ऑफिसात सगळे 'टक्के' म्हणतात, कारण तो जेवण झालं का विचारलं तरी "ऐंशी टक्के" म्हणतो. टक्के म्हणाला, "घोडं कुठे पेंड खातंय ते मला माहितेय. थकवा. म्हातारी माणसंही बॅटरीच असतात. पुलापर्यंत शंभरावरून चाळीसवर येतात, मग काहीच आवडत नाही."

मी म्हटलं, पण इस्पितळाच्या जिन्याचे दोन मजले त्या लिफ्ट नको म्हणून चढून गेल्या.

मॅडमनी ठरवलं, पलीकडच्या चारही जागा टक्केनं त्याच्या मावशीला घेऊन पुन्हा बघायच्या.

बुधवार, २६ मार्च

टक्केच्या मावशीचे गुण आले. आठ, आठ, सात, नऊ. मावशी आईंपेक्षा मोठ्या आहेत, गुडघे दोन्ही बदललेले. इस्पितळाच्या जागेबद्दल "वास अजिबात नाही" असं आपणहून म्हणाल्या.

मग चूक कुणाची? आई खोटं बोलत नाहीत. निदान माझ्याशी तरी नाही. की मीच काही वेगळं केलं? तिकडे जाताना मी वेग कमी ठेवला होता का? मी बोलत नव्हते म्हणून त्या कंटाळल्या? इतकी वर्षं एका घरात राहून मला या बाईंच्या आवडीनिवडी कळल्या नाहीत असा याचा अर्थ होतो, आणि तसं असेल तर भावजींचंच बरोबर आहे.

आईंना शेवटी सरळ विचारलं. "पुलापलीकडच्या जागांमध्ये नक्की काय आवडलं नाही?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नये माणसानं," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"कोण लपवतंय?"

"तेच तर मी बघतेय," असं म्हणून त्यांनी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

रविवार, ३० मार्च

आज प्रयोग केला. थकव्याचा संशय कायमचा मिटवायचा म्हणून उलट क्रम घेतला. कुठेही बसपाहणी न करता थेट मॉलपर्यंत गेलो आणि परतीच्या वाटेवर एकेक जागा करत आलो. थकव्याचं खरं असेल तर या वेळी गुण आणखी खाली यायला हवेत.

मॉल : आठ. "काय छान कोच आहेत. घरी जायच्या आधी जरा पाठ टेकायला बरं."

गोदाम : सात. आईंनी निळ्या फरशीचा एक तुकडा मागून घेतला, तुळतुळीत आहे म्हणून.

शाळा : आठ. "मुलं असली की जागा जिवंत वाटते." तीच मुलं होती. मला वाटतं चेंडूही तोच.

इस्पितळ : नऊ. वासाबद्दल मी मुद्दाम विचारलं. "कसला वास?" म्हणाल्या.

माझं डोकं चालेनासं झालं आहे. तीच जागा, तेच माणूस, तसाच रविवार. फरक फक्त दिशेचा. तिकडे जाताना वाईट आणि इकडे येताना चांगली अशी जागा असू शकते?

विचार करून एक गोष्ट सापडली आहे. सावली. तिकडे जाताना या जागा सकाळी लागतात आणि ऊन आईंच्या बाजूच्या काचेतून येतं. परतताना दुपार कललेली असते. शिवाय येताना गाडी रस्त्याच्या त्याच अंगाला असते, वळावं लागत नाही. टक्केला फोन केला. तो म्हणाला, "पटतंय. साठ टक्के."

बुधवार, २ एप्रिल

पक्का अहवाल दिला. शिफारस अशी : पुलापलीकडची स्टेशनं फक्त परतीच्या अंगाला उभारावीत. जोडीला उन्हाच्या दिशेचा नकाशा, मी स्वतः काढलेला. दोन दिवस लागले त्याला.

मॅडमनी नकाशा बराच वेळ बघितला. मग विचारलं, "तुमचे सोबती राहतात कुठे?"

"माझ्याकडेच. सासूबाई आहेत माझ्या. आता माझ्या दिरांकडे जाणार आहेत कायमच्या, त्याच शहरात. मॉलच्या पलीकडे."

"आपणहून?"

"मी अजिबात आग्रह केलेला नाही," मी म्हटलं. "कुठल्याच बाजूनं."

मॅडम काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं, ती आधीच टोकदार होती. म्हणाल्या, "अहवाल माझ्याकडे राहू दे." नकाशा चुकला असेल का? सूर्य उगवतो कुठे हे मी पुन्हा एकदा पडताळून घेतलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

खोली तयार झाली. जावेनं फोटो पाठवले. पडदे मी सांगितले त्याच रंगाचे, खिडकीशी तशीच पाय उचलणारी खुर्चीसुद्धा आणली आहे त्यांनी. मी दिलेल्या मापाची. आईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. "छानच आहे. नावं ठेवायला जागाच ठेवली नाही पोरांनी," म्हणाल्या. आणि आत जाऊन पडल्या. दिवसाच्या त्या कधी पडत नाहीत.

पुढच्या शनिवारी न्यायचं ठरलं. ऑफिसची गाडी मागून घेतली आहे. आईंचं सामान मी भरते आहे. त्या मला मदत करत नाहीत, पण समोर बसून राहतात. दोन साड्या मी बॅगेत घातल्या त्या सकाळी पुन्हा कपाटात होत्या. विसरल्या असतील.

'राहा' म्हणायचं नाही, हे बरोबर आहे ना? रोज तपासते आहे. रोज बरोबरच येतं.

शनिवार, १९ एप्रिल

हे सगळं क्रमानं लिहायला हवं, नाहीतर उद्या मला वाटेल की मी ठरवून केलं.

सकाळी निघालो. तीन बॅगा, औषधांची पेटी, आईंची उशी. रोपवाटिका आली तेव्हा आईंनी मान वळवून बघितलं, तेवढंच. पुलाजवळ गाडी चार्जिंगला लावली. शेडमध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

ऐंशी टक्के झाल्यावर मी केबल काढायला उठले. ऐंशीनंतर गाडी अगदी सावकाश भरते, आणि पुढच्या रस्त्याला तेवढं भरपूर झालं असतं. आई म्हणाल्या, "शंभर होऊ दे. अर्धवट कशाला निघायचं?" बसलो. संत्री नव्हती आज. त्या नदीकडे बघत होत्या, मी पडद्यावरच्या आकड्याकडे. ब्याण्णव. पंच्याण्णव. एवढं सावकाश भरताना मी कधी बघितलं नव्हतं, आणि ते आणखी सावकाश व्हावं असं मला वाटत होतं. हे मी प्रामाणिकपणे लिहिते आहे. का वाटत होतं, ते तपासायला तेव्हा वेळ नव्हता.

शंभर झाले. मी ते बघितलं. आईंनीही बघितलं.

तेवढ्यात जावेचा फोन आला. आईंनी घेतला. "हो गं. पुलाशी आहोत. अजून चार्ज होतेय. लागेल वेळ." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता फोन माझ्या हातात दिला.

"ताई, साधारण किती वेळ? जेवायचे थांबलोय."

आता माझं काम सरळ होतं. शंभर झालेत, निघतोय, एवढंच म्हणायचं. मी म्हटलं, "वेळ लागेल. तुम्ही जेवून घ्या."

फोन ठेवला. एवढ्या साध्या गोष्टीत मी खोटं का बोलले? आणि तेही माझ्याच कंपनीच्या यंत्रासमोर?

मागे एक गाडी येऊन थांबली. मग भोंगा वाजला. एक गृहस्थ उतरून आले. "काय ताई, झालंय ना तुमचं? हिरवा दिवा लागलाय केव्हाचा." भरलेली गाडी चार्जरला अडकवून ठेवू नये, हा नियम भिंतीवर लावलाय. मी ओशाळून केबल काढली. ती नेहमीसारखी सुटेना, तेव्हा ते मदतीला आले. गाडीत आईंची उशी दिसली असावी. आपुलकीनं म्हणाले, "लांब निघालात? कुठे?"

"हिला विचारा," आई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं, ते त्या शहराचं नाव सांगायला. "घरी," मी म्हटलं.

गृहस्थ गोंधळले. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, आमच्या गाडीकडे बघितलं. "पण सामान तर लांब निघाल्यासारखं दिसतंय. आणि गाडीचं तोंड तर तिकडे आहे."

"वळवायची आहे," मी म्हटलं. आवाज माझाच होता.

मी गाडीत बसले. पट्टा लावला. आईंकडे बघायचं धाडस होईना. मी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. मी इतके आठवडे जपलेला नियम एका अनोळखी माणसासमोर मोडला होता, आणि आईंचा निर्णय आईंच्या वतीनं घेऊन टाकला होता. मी म्हटलं, "आई, तुम्हाला नको असेल तर..."

"सावकाश वळव," त्या म्हणाल्या. "मागून ट्रक येतात."

रोपवाटिकेपाशी आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "जीभ झिजते का गं तुझी?"

"तुम्ही तरी कुठे काही म्हणालात?"

"मी काय म्हणू? तू माझ्या बॅगा भरत होतीस." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "दुसऱ्या सुनेनं पडदे आणले. तू मापं दिलीस. मला वाटलं, बाईला सुटका हवी असेल, आणि का नको? तुझं वय ते काय. मी कुठल्या तोंडानं म्हणू, मला ठेव म्हणून?"

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. तिथे सावली नव्हती, स्वच्छतागृह नव्हतं, काही नव्हतं. बराच वेळ बसलो.

रविवार, २० एप्रिल

भावजींना फोन मी करणार होते. काय बोलायचं ते मुद्दे काढून लिहिलंही होतं. आईंनी फोन काढून घेतला. "मी बोलते. तू मध्ये पडू नकोस, तू फार खरं बोलतेस."

त्या म्हणाल्या, "अरे, खोली फार सुरेख झालीय. आम्ही दोघी येऊ पुढच्या महिन्यात, आठ दिवस राहू. हो, दोघी. हो रे, परत जायला. खुर्ची माझीच आहे, कुणाला बसू देऊ नकोस." मग बराच वेळ ऐकत राहिल्या. डोळे भरून आले, आवाज तसाच ठेवला. "तसं नाही रे. तुझ्याकडे काही कमी आहे म्हणून नव्हे."

शेवटी भावजींनी मला मागितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते थकल्यासारखे वाटले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "वहिनी, फेब्रुवारीत बोलला असतात तर मी भिंत तरी कशाला पाडली असती?"

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"आईचं?"

"माझंसुद्धा."

हे उत्तर त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही. जावेनं लगेच दुसरा फोन केला, न्हाणीघरातल्या दांड्या कुठे मिळतात ते सांगायला. माझ्या घरी लावायला. मला रडू आलं ते तेव्हा.

दुपारी मॅडमना निरोप लिहिला. पुलापलीकडच्या चारही जागांसाठी माझे गुण धरू नयेत, टक्केच्या मावशीचे धरावेत, आणि उन्हाचा नकाशा कृपया परत करावा. कारण लिहायचा रकाना तीन वेळा लिहून खोडला. आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लिही की, सोबतीच खोटारडी निघाली."

"तसं कसं लिहू? ते पूर्ण खरं नाही."

"मग काय खरं आहे?"

मी विचार करते आहे. आई आत चहा टाकताहेत, माझ्या कपात साखर किती हे त्या विचारत नाहीत.